कुत्र्याची एकादशी

आमच्याकडे कुत्रा आला तो एका भाषणापायी. कुणाला राखणीला कुत्रा लागतो, कुणाला शिकारीला. आमच्या ह्यांना तो टाळ्यांसाठी लागला.

प्लेग यायच्या आधीची ती वर्षं. गिरगावात तेव्हा जो तो कुठल्या ना कुठल्या सभेचा सभासद असे, आणि दर सभेला एक अध्यक्ष, एक चिटणीस आणि एक आभार मानणारा लागतच असल्यामुळे बोलता येणाऱ्या माणसाला संध्याकाळी घरी बसायची सोय नव्हती. आमचे हे फोर्टात एका गोऱ्या व्यापाऱ्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांचं नाव बाकीचे घेतात तेवढं पुरे. सगळे त्यांना रघुवीरराव म्हणत. दिवसभर साहेबापुढे खाली घातलेली मान संध्याकाळी ताठ करायला कुठेतरी जाणं त्यांना भाग होतं. ते भूतदया मंडळीत जात.

मुक्या जनावरांना माणसांनी दयेनं वागवावं, हा मंडळीचा उद्देश. उद्देश चांगलाच होता, मी नाही म्हणत नाही. पण सभासद ज्या गाड्यांतून येत त्यांचे घोडे खाली उन्हात लगाम चावत उभे असायचे आणि वर त्यांच्याचविषयी ठराव पास व्हायचे. ह्यांनी एकदा ट्रामच्या घोड्यांवर निबंध वाचला. चाबूक उगारणाऱ्याने आधी स्वतःच्या पाठीचा विचार करावा, असं काहीसं त्यात होतं. ते ऐकून अध्यक्ष शेठ गोकळदासांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ह्यांना चांदीच्या मुठीची वेताची छडी बक्षीस दिली. चाबकाविरुद्ध लिहिलं म्हणून छडी! हे घरी येऊन ती मला दाखवत होते, तेव्हा हसू आवरायला मला पदर तोंडात कोंबावा लागला.

हे गोकळदास कापसाचे मोठे व्यापारी. मनाने चांगला माणूस, पण देवाने कान दिले होते तितकी नजर दिली नव्हती. गोड बोललेलं सगळं त्यांना खरं वाटे. परळला त्यांची स्वतःची पांजरपोळ होती. तिथे लंगडी, आंधळी, टाकून दिलेली जनावरं ते पदरच्या खर्चाने पोसत. एका सभेत बोलता बोलता ह्यांना आवेश चढला आणि प्रत्येक सभासदाने पांजरपोळीतला एक तरी जीव आपल्या घरी नेऊन सांभाळावा, असं हे बोलून गेले. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेठजींनी तिथल्या तिथे सूचना मंजूर करून टाकली.

बाकीचे सभासद शहाणे निघाले. ज्या थोड्या गायी-शेळ्या दूध देण्याजोग्या होत्या त्या त्यांनी दुसऱ्याच दिवशी आपापल्या दारात नेऊन बांधल्या. दया झाली आणि चहाच्या दुधाचीही सोय झाली. एक सॉलिसिटर तर मोर घेऊन गेले. सूचना ज्यांची ते मात्र पडशाचं निमित्त करून घरात बसले होते. शेवटी शेठजींचाच निरोप आला, तेव्हा पांजरपोळीत म्हातारे बैल आणि कुत्री तेवढी उरली होती.

परळला मीही बरोबर गेले, घरातून बाहेर पडायला मिळत होतं म्हणून. गिरण्यांच्या धुराड्यांखालून आमची गाडी त्या आवारात शिरली. कुत्र्यांच्या कुंपणात बहुतेक कुत्री सावलीला आडवी पडली होती. एक मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सुसाट धावत होतं, कुणी पाठीस लागलं नसताना. वर्षाचंही नसेल. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. पोरांच्या धोंड्यांतून शेठजींच्या माणसाने त्याला सोडवून आणलं होतं, पण त्या धोंड्यांची आठवण त्याने काही ठेवलेली दिसत नव्हती. ह्यांना हवा होता एखादा म्हातारा, पडून राहणारा कुत्रा. ते तसा शोधत वाकले, तोच हा उडी मारून आला आणि चिखलाचे दोन्ही पाय ह्यांच्या पांढऱ्या अंगरख्यावर ठेवून ह्यांचं तोंड चाटून मोकळा झाला. शेठजी म्हणाले, जिवाने जीव ओळखला. मग नाही कसं म्हणणार?

पण खरी गंमत पुढेच होती. पांजरपोळीत सगळ्या जनावरांना दूध आणि रोटला मिळे, कुत्र्यांनासुद्धा. कुत्रा नेणाऱ्याने हातात पाणी घेऊन शपथ घ्यायची, की ह्या जिवाच्या तोंडी मांसमच्छी जाऊ देणार नाही, गेली तर ते पाप माझ्या माथी. आता आम्ही पडलो जातीने प्रभू. ताटात मासळी नसली तर हे जेवले काय आणि न जेवले काय सारखंच. त्या दिवशीही ते कोलंबीचं खडखडलं खाऊन निघाले होते आणि परळ येईपर्यंत त्याचे ढेकर देत होते. त्यांनी गंभीर चेहऱ्याने ओंजळ पुढे केली आणि पाणी सोडलं. मी पदराआडून बघत राहिले.

कुत्र्याचं नाव त्यांनी ठेवलं संयम.

संयमाने घरात पाऊल टाकल्याबरोबर चौरंग पाडला, मग देवघरापुढची रांगोळी विसकटून तीच पावलं घेऊन ह्यांच्या गादीवर चढला. धोतरं वाळत घातली की एक तरी अंगणभर फरफटत जायचं. विहिरीवर पाणी ओढताना पोहऱ्याबरोबर तो वर-खाली उड्या मारायचा. मी कपाळाला हात लावला. दिवसाला दहा वेळा त्याला मेल्या म्हणायचे. पण खरं सांगते, मला तो फार आवडला. लग्नाला इतकी वर्षं होऊन आमच्या घरात मूल नव्हतं. माझ्या बांगड्या जरा जोरात वाजल्या तरी दिवाणखान्यातून लिहिण्यात व्यत्यय आल्याचं खाकरणं ऐकू यायचं. तसल्या घरात कुणीतरी धावत होतं, पाडत होतं, आणि मी हाक मारली की सगळं टाकून माझ्याकडे येत होतं. मी एकटीच मोठ्याने हसायला लागले होते.

त्याला मिळे दूध-भात. तो खायचाही, पण स्वयंपाकघरात सरंगा तळायला पडला की त्याच्या अंगात वारं शिरायचं. दाराला नखं लागायची, घराबाहेर ठेवला तर कौलांपर्यंत आवाज जायचा. तरी दार लावून, खिडक्या बंद करून आमची जेवणं चालू होती. आत हे काटे काढत आहेत आणि बाहेर त्यांचा संयम गळा काढतोय, असं रोजचं झालं. मी एकदा विचारलं की इकडूनच काही दिवस मासळी सोडली तर वास तरी येणार नाही. ह्यांनी सांगितलं की शपथ कुत्र्याच्या तोंडाची घेतली आहे, स्वतःच्या तोंडाची नाही, आणि त्यांच्या प्रकृतीला मासळी अवश्य आहे. इतका काटेकोर विचार करणारा माणूस हेडक्लार्क का झाला ते मला त्या दिवशी कळलं.

आमच्याकडे मासळी घेऊन येई ती गुणवंती कोळीण. माझ्याहून थोडी मोठी, हातात चांदीच्या जाड पाटल्या, तोंडाने फटकळ. तिची पाटी पायरीवर टेकली की संयम अर्धा पाटीत आणि अर्धा तिच्या अंगावर असायचा. ती त्याला शिव्या द्यायची आणि एक बोंबील भिरकावायची. मी तेवढ्यात दुसरीकडे बघायचे. शपथ मी घेतलेली नव्हती.

हे फार दिवस चाललं नाही. मंडळीचे जुने चिटणीस काशीला गेले आणि जागा रिकामी झाली. ती जागा ह्यांना हवी होती, आणि मोरवाल्या सॉलिसिटरांनाही हवी होती. नेमक्या त्या आठवड्यात हे ओट्यावर सभासदांशी बोलत बसले असताना संयम तोंडात बांगड्याचं डोकं घेऊन आला आणि मोठ्या प्रेमाने त्याने ते ह्यांच्या पायाशी ठेवलं. हे म्हणाले, रस्त्यातून उचलून आणलं असेल. सभासदांनी माना डोलावल्या, पण जाताना एकमेकांकडे बघितलं. त्या रात्री ह्यांनी ठरवलं की कुत्र्याला खराखुरा शाकाहारी करायचा आणि वार्षिक सभेच्या दिवशी सगळ्यांसमक्ष दाखवायचा. उपदेशाने कुत्रासुद्धा सुधारतो असं सिद्ध करणाऱ्या माणसाला चिटणीस करणार नाहीत तर कुणाला?

उपदेश रोज सकाळी कचेरीला जायच्या आधी विहिरीमागे होऊ लागला. डाव्या हातात मासळीचा तुकडा धरायचा. संयम पुढे आला की उजव्या हाताने तोंडावर छडी मारायची. तीच, चांदीच्या मुठीची. पहिल्या दिवशी त्याचं केकाटणं ऐकून मी हातातली कणीक तशीच घेऊन धावले. ह्यांनी मला शांतपणे समजावलं, की हा मार नव्हे, शिक्षण आहे. हात हलका ठेवला आहे. मग हात धुऊन त्यांनी त्याच्या पाठीवरून फिरवला आणि पगडी घालून कचेरीत गेले. मी पाया पडले, भांडले, एक दिवस जेवले नाही. ह्यांनी माझ्या हट्टाची तुलना अशिक्षित गाडीवानाच्या हट्टाशी केली. गाडीवान निदान घोड्यासमोर निबंध वाचत नाही, असं मी म्हटलं. त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद झालं, आणि शिक्षण चालू राहिलं.

संयम शिकला. आधी त्याने मासळीकडे जायचं सोडलं. मग ह्यांच्या हाताकडे जायचं सोडलं. मग कुठल्याच हाताकडे येईना. मी दूध-भात कालवून त्याच्यापुढे घास धरला, तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले, दोन्ही कान मागे टाकले आणि जमिनीला चिकटून वाट बघत राहिला. घास धरलेला हात म्हणजे त्याच्या लेखी फटका होता. माझाही. मी घास खाली ठेवून लांब जाऊन रडले. तो कुणी नाही असं पाहून दोन जिभा दूध प्यायचा, तेवढ्यावर होता. अंगणातली धोतरं आता शांतपणे वाळत होती.

वार्षिक सभा शेठजींच्या गिरगावातल्या वाडीत भरली. वाडीसमोरच्या रस्त्यावर कोळणी ओळीने बसत. आम्ही बायका वरच्या गॅलरीत होतो. खाली हे दोरी धरून पुढे, मागे शेठजी आणि सगळी भूतदया मंडळी, पगड्या, उपरणी आणि नाकाला रुमाल, अशी ती मिरवणूक मासळीबाजारातून निघाली. इतके शिकलेले पुरुष एक कुत्रा काय खात नाही ते बघायला चालले होते. कोळणी हसून हसून लोळायच्या बाकी होत्या. पापलेटं, कोलंबी, बोंबलांचे ढीग, सगळ्यांमधून संयम मान खाली घालून गेला. एकदाही त्याने नाक वर केलं नाही. गुणवंती तिथेच बसली होती. तिने हाक मारली, पाटी पुढे सरकवली. त्याने तिच्याकडेही पाहिलं नाही. तिचं हसणं तेवढं थांबलेलं मला वरून दिसलं.

वाडीत परत आल्यावर टाळ्या थांबेनात. शेठजींनी आतून तूप लावलेला रोटला मागवला आणि स्वतःच्या हाताने संयमापुढे धरला. त्याने डोळे मिटले आणि तोंड फिरवलं. ह्यांचा चेहरा पडला. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, आज एकादशी आहे.

झालं. कुत्र्याने एकादशीला धान्य नाकारलं! पूर्वजन्मीचा कुणी वैष्णव हा, असं शेठजी सद्गदित होऊन म्हणाले. सॉलिसिटरांच्या मोराला कोण विचारतो आता. एकाने गळ्यातला हार काढून संयमाच्या गळ्यात घातला, दुसऱ्याने पाय धरायला हात पुढे केला तसा तो बिचारा आणखी अंग चोरून बसला, आणि त्याचाही अर्थ विनय असा लावण्यात आला. हे तिथल्या तिथे चिटणीस झाले. पुढची सभा पंधरा दिवसांनी, एकादशीलाच, नव्या चिटणिसांच्या घरी; म्हणजे सर्वांना दर्शन घडेल, असंही ठरलं. ह्यांना खरी गोष्ट ठाऊक होती. आता हे बोलतील, मग बोलतील म्हणून मी गॅलरीचा कठडा धरून उभी होते. ह्यांनी नम्रपणे हात जोडले.

दुसऱ्या दिवशी गुणवंतीने पाटी टेकली आणि ओट्याच्या कोपऱ्यात पडलेल्या संयमाकडे बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाली, "बाय, याला काय केलाव तुमी? हा मराला लागलाय."

ते पंधरा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. संयमाच्या फासळ्या दिसायला लागल्या. दूधही तो टाकायला लागला. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले की एवढी एक सभा होऊ दे, मग बघू. दारावरून जाणारे लोक ओट्याशी थांबून त्याला नमस्कार करत. उपाशी मरायला टेकलेल्या जनावराला हात जोडत होते, आणि एकालाही त्याचं पोट दिसत नव्हतं. मला त्या सगळ्यांची किळस आली. माझ्याच घरात, माझ्याच डोळ्यांदेखत तो देव होऊन मरणार होता.

दशमीला मी गुणवंतीला सांगितलं की उद्या चांगला मोठा सरंगा घेऊन ये. तिला वाटलं मी तिथी विसरले. "उद्या एकादस हाय ना? तुमचे घरान मासली कोन खाल?" तिने विचारलं. मी खाणार आहे, असं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवाणखाना भरला. मध्ये चौरंगावर पाट, पाटावर हार घातलेला संयम. तो बसला होता कारण त्याच्यात उठायची ताकद नव्हती. ह्यांचं भाषण सुरू झालं. आत मी तवा ठेवला. तुकड्यांना हळद-मीठ लावून ते तेलात सोडले, तिखट मुद्दाम घातलं नाही. वास बाहेर पोचला असावा, कारण भाषण दोनदा अडखळलं. मी ताट घेतलं आणि बाहेर आले.

पुरुषांच्या सभेत कधी पाऊल न टाकलेली बाई मी. चौरंगाशेजारी जमिनीवर बसले, ताट मांडीपुढे ठेवलं आणि जेवायला लागले. मी संयमाकडे पाहिलं नाही. त्याला घास दिला नाही, त्याच्याकडे हात केला नाही. नुसती आपली खात राहिले, सावकाश. एकादशीचा तो पहिला घास मला गिळता गिळेना, पण गिळला.

पाटावर हालचाल झाली. मग हार जमिनीला घासल्याचा आवाज. संयम सरपटत माझ्या गुडघ्यापाशी आला. थांबला. मी माझा हात पाठीमागे घेतला आणि दुसरीकडे बघत राहिले. ताट जरासं हललं. मग तो माझ्याच ताटात खायला लागला.

शेठजी उठून उभे राहिले होते. "बेन, आज अगियारस! ह्या पापाचा धनी कोण?"

मी म्हटलं, "पाप माझ्या माथी घाला, शेठजी. हा इथे उपाशी मेला असता तर ते कुणाच्या माथी घातलं असतंत?"

तेवढ्यात हे भानावर आले. पुढे झाले आणि ताट ओढून घ्यायला वाकले. त्यांचा हात खाली येताना दिसला मात्र, संयमाच्या तोंडातला तुकडा गळून पडला. तो जमिनीला चिकटला, कान मागे गेले, डोळे घट्ट मिटले. अंग थरथरत होतं, पण पळाला नाही. बसला तसाच, फटक्याची वाट बघत.

हे सगळ्यांनी पाहिलं. सॉलिसिटरांनी पाहिलं, पाय धरायला आलेल्यांनी पाहिलं. कोपऱ्यात टेकवून ठेवलेल्या छडीकडे शेठजींनी एकदा बघितलं, मग ह्यांच्या हाताकडे, आणि त्यांना जे इतके दिवस कुणी सांगितलं नव्हतं ते कुणी न सांगता कळलं. ते तसेच जोडे घालून निघून गेले. त्यांच्यामागून एकेक करून सगळी दया ओटा उतरून गेली.

दिवाणखान्यात आम्ही तिघंच राहिलो. ह्यांनी पगडी काढून हातात घेतली होती.

"तू मला कुठे तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस," हे म्हणाले. "आता चिटणीसपद गेलं, शेठजी गेले, सगळं गेलं."

मी उरलेल्या तुकड्याचा मधला काटा सोडवत होते. संयमाने एक डोळा उघडून ताटाकडे बघितलं होतं.

"त्याला अजून भूक आहे," मी म्हटलं. "आपण जरा लांब उभं राहावं."